विचारायला मोलगीपर्यंत

सहामाही परीक्षा संपली की आमचे गणिताचे सर घरी खळ शिजवायला घेत. पहिल्या वर्षी मी सहज म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर सर धोतर खोचून चुलीपुढे बसलेले, पातेल्यात कणकेची खळ रटरटतेय आणि शेजारी कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या. मला वाटलं, पतंग करतायत.

"पतंग कसले? मुलांची नावं झाकायचीत," ते म्हणाले.

शंभरावर पेपर होते. प्रत्येकाच्या नावावर सर स्वतः पट्टी चिकटवत आणि मग तपासायला बसत. आठ दिवसांनी तेच पेपर पुन्हा तपासत, पहिल्या खेपेचे गुण न बघता. दोन्ही खेपांचे गुण जुळले तर ठीक, नाही तर तिसऱ्यांदा. मी तेव्हा नवा होतो, बीएस्सी झालो होतो आणि स्वतःला हुशार समजत होतो. म्हटलं, "पण सर, नाव झाकलं तरी अक्षर ओळखू येतंच की."

"येतं ना. म्हणूनच दोनदा तपासतो. पहिल्यांदा एखाद्याचा राग मनात असतो. आठ दिवसांत तो उतरतो."

मी नंदुरबारच्या हायस्कुलात सायन्स शिकवायला लागलो, त्या काळची ही गोष्ट. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला दोन-तीन वर्षं अवकाश होता. सरांनी पन्नाशी ओलांडली होती. तापीकाठच्या एका शेतकरी घरातला हा माणूस, भाऊ सगळे शेतीवर, हे एकटेच शिकून मास्तर झालेले. अंगात बारा महिने एकच काळा लोकरी कोट. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं, पण कोट काही उतरायचा नाही. दम्याचा त्रास होता, म्हणून म्हणे.

पोरांनी त्यांना 'कशावरून सर' असं नाव ठेवलं होतं. कारण तोच शब्द त्यांच्या तोंडी सारखा असे. वर्गात एखाद्याने उत्तर दिलं, की ते बरोबर असो वा चूक, सर विचारणार, "कशावरून?" दूधवाला म्हणाला, आज दूध घट्ट आहे, की "कशावरून?" एकदा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तुम्हाला हिवताप झालाय. सर थंडीने कुडकुडत होते, दात वाजत होते, तरी गोधडीतून आवाज आला, "कशावरून?" डॉक्टरही त्यांचे जुने विद्यार्थीच. त्यांनी निमूटपणे सगळी लक्षणं एकेक करून सांगितली आणि मगच सरांनी कोयनेल घेतलं.

बोलण्याचीही एक तऱ्हा होती. गावातला प्रत्येक जण घरी अहिराणी बोले आणि शाळेत पुस्तकी मराठी. सरांचं उलट काहीतरी होतं. राग आला की ते एकदम शुद्ध मराठीत जात, शब्दाशब्दाला तोलून, आणि जीव ओतून बोलायचं असलं की अहिराणीत. पोरांना हे पक्कं ठाऊक होतं. "आपण हे काय केलेत?" असं सर म्हणाले की पोरगा थरथरायचा. आणि "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" म्हणाले की त्याच पोराचा चेहरा फुलायचा.

खेळ मात्र त्यांना अजिबात आवडत नसत. शाळेचं मैदान त्यांच्या वर्गाच्या खिडकीखालीच होतं. ती खिडकी ते बंद ठेवत. "इतकं पळून पोहोचायचं कुठे?" असं म्हणत. सामन्याच्या दिवशी सगळी शाळा मैदानावर आणि सर एकटे वर्गात फळा पुसत बसलेले, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून मला पुढचं सगळं जास्तच नवलाचं वाटतं.

आमच्या शाळेच्या हुतूतूच्या संघाचा एक कप्तान होता. मांड्या खांबासारख्या. तो चढाईला निघाला की बाजारातले दुकानदारसुद्धा गल्ला सोडून बघायला येत. मॅट्रिकला कुणाला बसवायचं हे ठरवणारी शाळेची परीक्षा चालू होती आणि आठ दिवसांवर धुळ्याला ढालीचा सामना होता. इतिहासाच्या पेपरात या कप्तानाच्या बाहीत सनावळीची चिठ्ठी सापडली.

हेडमास्तरांनी आम्हा शिक्षकांना बोलावलं. दोन तट पडले. अर्धे म्हणाले, सामना होईपर्यंत ब्र काढू नका, गावाची अब्रू आहे. बाकीचे म्हणाले, संघातून काढा, शाळेतून काढा, सगळ्यांसमोर छड्या मारा, म्हणजे जरब बसेल. तासभर हा गोंधळ चालला. सर कोपऱ्यात बसून ऐकत होते.

शेवटी ते म्हणाले, "त्याला कोणी विचारलं का?"

विचारलं नव्हतं. पोराला बोलावलं. सरांनी त्याला समोर बसवलं, चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, ही तुझी का? तो रडायला लागला आणि हो म्हणाला. सर म्हणाले, इतिहासाचे गुण शून्य. त्यात नापास झालास तर यंदा मॅट्रिकचा फॉर्म जाणार नाही. पोराने मान खाली घातली.

"आणि संघ?" कुणीतरी विचारलं.

"संघाचं काय? चिठ्ठी परीक्षेत सापडली. मैदानावर त्याने काही लपवल्याचं कुणी म्हणत नाही. खेळू दे त्याला."

दोन्ही तट त्यांच्यावर चिडले. पोरगा खेळला, आम्ही हरलो, आणि त्याचा फॉर्मही गेला नाही. गावात महिनाभर लोक सरांना नमस्कार करीनात. सर रोजच्यासारखे रेल्वेच्या फाटकाशी उभे राहून सुरतेच्या गाडीवर आपलं घड्याळ तपासत राहिले. तो कप्तान पुढच्या वर्षी सरळ अभ्यास करून पास झाला.

त्याच पुढच्या वर्षी वेस्ताचं प्रकरण झालं.

वेस्ता सातपुड्यातल्या मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा भिल्लाचा मुलगा. एका सेवाभावी मंडळाच्या वसतिगृहात राहून आमच्याकडे शिकत होता. असा पळणारा मी जन्मात दुसरा पाहिला नाही. अनवाणी पळायचा आणि पळताना त्याचे खांदे हलायचेच नाहीत. एका मोठ्या कॉलेजच्या खेळाच्या शिक्षकांनी त्याला धुळ्याला पाहिलं आणि सांगितलं, मॅट्रिक हो, तुझी राहण्याजेवणाची सोय आम्ही करू. त्याच्या पाड्यावर तोवर चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा झाली. आमच्या मुलांचं केंद्र धुळ्याला होतं. मुलं परीक्षा देऊन घरोघरी गेली. आणि मे महिन्यात युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, मॅट्रिकची परीक्षा तेव्हा तीच घेई. भूमितीच्या पेपरात पुढेमागे बसलेल्या दोन उमेदवारांनी एका प्रमेयात सारखीच चूक केली आहे, आकृतीची अक्षरंही सारखीच आहेत, आणि ती कोणत्याही पुस्तकातली नाहीत, सबब नकलेचा संशय आहे. दोघांचे निकाल राखून ठेवले आहेत. शाळेने दोघांबद्दल आपलं मत कळवावं. पुढचा कांतिलाल, मागचा वेस्ता.

कांतिलाल कापडाच्या दुकानदाराचा मुलगा, मारवाडी जैन घरातला, नेहमी पहिल्या तिघांत.

हेडमास्तरांनी ते पत्र सरांना दाखवलं नाही. मला बोलावलं. म्हणाले, "त्यांना विचारलं तर कशावरून, कशावरून करत महिना घालवतील. तुमचं इंग्रजी चांगलं आहे. तुम्हीच लिहा."

मी लिहिलं. अर्ध्या तासात लिहिलं. कांतिलाल हुशार आणि मेहनती आहे, वेस्ता अभ्यासात साधारण असून त्याचा बराचसा वेळ मैदानावर जातो, तेव्हा नक्कल कुणी केली असावी हे उघड आहे. वेस्ताचं मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण लिहिताना हात अडखळला नाही. इंग्रजी चांगलं जमलंय म्हणून मी ते दोनदा वाचलंसुद्धा.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. वेस्ताला दोन वर्षं परीक्षेला बसायला बंदी करण्याचा विचार आहे, शाळेची हरकत नसल्यास तसं कळवावं. हेडमास्तर सही करायला बसले होते आणि नेमके सर खडूचा डबा मागायला आत आले. टेबलावरचं पत्र त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग माझं मत वाचलं, त्याची प्रत शाळेच्या फायलीत होती.

"हे आपण लिहिलेत?" त्यांनी मला विचारलं. शुद्ध मराठीत.

"हो."

"ते दोन पेपर आपण पाहिलेत?"

"नाही. ते युनिव्हर्सिटीकडे आहेत."

"धुळ्याच्या पर्यवेक्षकांनी नक्कल पाहिल्याचे कळवले आहे?"

"तसं पत्रात काही नाही."

"वेस्ताला विचारलेत? कांतिलालला?"

मी नकारार्थी मान हलवली. हेडमास्तर म्हणाले, "अहो, तो खेळाडू मुलगा. मागच्या वर्षीचं ते कप्तानाचं प्रकरण तुम्हीच तर..."

"ते कप्तानाचे होते. हे वेस्ताचे आहे," सर म्हणाले. "मला खेळ आवडत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण माझी नावड हा त्याच्याविरुद्धचा पुरावा होत नाही. सही करू नका. शाळेची हरकत आहे असे कळवा, आणि पेपर घेऊन कोणाला तरी चौकशीला पाठवा म्हणावे. तोवर मी त्याला विचारून येतो."

"कुठे जाऊन?"

"तो जिथे आहे तिथे. मोलगीला."

हेडमास्तर हसले. त्यांना थट्टा वाटली. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "आपणही चला. मत आपले आहे."

मे महिन्यातलं ऊन. सर, त्यांचा लोकरी कोट आणि एक छत्री. उन्हाळ्यात तापीच्या पात्रातून मोटर जायची, तशी तळोद्यावरून अक्कलकुव्याला पोहोचलो. तिथून पुढे काही अंतर बैलगाडी मिळाली आणि मग चढण पायी. सरांना दम लागे. वीस पावलं चालायचे आणि छत्रीवर रेलून उभे राहायचे. मी दोनदा म्हटलं, सर, तुम्ही इथे थांबा, मी विचारून येतो. ते म्हणाले, "तुम्ही एकदा न विचारता लिहिलं आहे." हे ते रागाने बोलले नाहीत, आठवण करून द्यावी तसं बोलले. मला चढणीपेक्षा तेच जास्त जड गेलं.

मोलगीचा बाजार भरला होता. डोंगरातून माणसं मोहाची फुलं, डिंक, चारोळी घेऊन उतरली होती. आम्ही चौकशी केली आणि तासाभरात वेस्ता आपल्या वडिलांबरोबर समोर आला. आम्हाला बघून तो इतका आनंदला की मला त्याच्याकडे बघवेना. त्याला वाटलं, निकाल घेऊन आलो.

सर एका झाडाखाली दगडावर टेकले. वेस्तालाही बसवलं. श्वास खाली बसेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "वेस्ता, तुन्हावर एक आरोप शे. तुले म्हाईत शे का?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. सरांनी युनिव्हर्सिटीचं पत्र काढलं आणि एकेक वाक्य त्याला समजावून सांगितलं. माझं मतही वाचून दाखवलं. कुणी लिहिलं तेही सांगितलं. काही गाळलं नाही. वेस्ता मधूनमधून वडिलांना भिल्लीत सांगत होता. म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

"आते सांग. कांतिलालना पेपर देखीसन लिखं का?"

"नही, सर."

"नही म्हनं, पन कशावरून?"

वेस्ताने तळव्याने समोरची माती सारखी केली. मग म्हणाला, "सर, मला ते येतंय. मी आत्ता करून दाखवतो."

"काढी दखाड."

त्याने एक काडी घेतली आणि मातीत वर्तुळ काढलं. त्याला एक स्पर्शिका, मग जीवा. बाजारातली माणसं भोवती जमली. त्याने आकृतीला अक्षरं दिली. पुस्तकात तिथे ए, बी, सी असतात. वेस्ताने के, एल, एम लिहिलं.

ती अक्षरं मी ओळखली.

कॉलेजात आमचे एक प्राध्यापक के, एल, एम पासून सुरुवात करत. त्यांची ती लकब मी उचलली होती. डिसेंबरात सर हिवतापाने पंधरा दिवस अंथरुणावर होते तेव्हा त्यांचे भूमितीचे तास मी घेतले होते. वेस्ता एकेक पायरी बोलत पुढे चालला होता, न अडखळता, आणि मी फक्त एकाच पायरीची वाट बघत होतो. ती आली. "संगत कोन म्हणून समान," वेस्ता म्हणाला.

सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. "समांतर रेषा कोठे शेत?"

वेस्ताने आकृतीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. समांतर रेषा नव्हत्याच कुठे, आणि संगत कोन म्हणायचे तर त्या हव्यातच. "नाहीत, सर," तो हळूच म्हणाला.

"मग हाई तुले कोनी शिकाडं?"

वेस्ताने मान वर केली. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि दूर डोंगरावर जाऊन थांबली. "वर्गात लिहून घेतलं होतं, सर. वही वसतिगृहात आहे."

एवढंच. माझं नाव त्याने घेतलं नाही. मी त्याच्याविरुद्ध काय लिहिलंय ते त्याने पाच मिनिटांपूर्वीच ऐकलं होतं, तरी घेतलं नाही. आणि मीही तिथे तोंड उघडलं नाही. ती गोष्ट मला अजून टोचते.

निघताना वेस्ताचे वडील काहीतरी बोलले. वेस्ताने सांगितलं, "बा विचारतोय, एवढं विचारायला तुम्ही स्वतः आलात?"

"मंग कोन ई?" सर म्हणाले. मग कोण येणार?

दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याला परत पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. मोटरला वेळ होता. एका चिंचेखाली सर डोळे मिटून बसले होते. मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, ते प्रमेय मी शिकवलं होतं. तुम्ही आजारी होतात तेव्हा. ती अक्षरं माझी, ती चूकही माझीच."

सरांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता शुद्ध मराठी ऐकावी लागणार.

"कशावरून?" ते म्हणाले.

मला कळेना. "मी कबूल करतोय ना, सर."

"तुम्ही आता हळवे झाला आहात. हळव्या माणसाचं कबूल करणं मी एकदम धरत नाही. वही बघू. आणखी मुलांना विचारू. त्यातून दिसलं तर मानू." मग म्हणाले, "प्रमेयातली चूक लहान शे. मीबी करी शे तशी. न इचारता मत लिखं, ती मोठी शे."

ते अहिराणीत बोलले हे माझ्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

परत आल्यावर सरांनी आठवडाभर धुळ्याला बसलेल्या झाडून सगळ्या मुलांना गाठलं. कुणाला शेतावर, कुणाला दुकानात. प्रत्येकाला वेगळं घेऊन एकच सांगायचं, ते प्रमेय परीक्षेत जसं लिहिलंस तसं लिहून दे. बहुतेकांनी पुस्तकातलं लिहिलं होतं. वेस्ताला पुस्तक घेणं जमलं नव्हतं, त्याचं पुस्तक म्हणजे त्याची वही. कांतिलालकडे पुस्तक होतं, पण मास्तरांनी सांगितलेलं पुस्तकापेक्षा खरं असं तो धरून चाले. आणि आणखी दोघं निघाले ज्यांनी के, एल, एम लिहिलं होतं, 'संगत कोन' सकट. ते दोघं धुळ्याला दुसऱ्याच खोलीत बसले होते.

कांतिलालला सरांनी विचारलं, "तुझ्यामागे कोण होता, त्याने काही पाहिलं का?" कांतिलाल म्हणाला, "सर, त्याने माझ्याआधी पुरवणी मागितली होती. लिहिण्यात तो माझ्यापुढे गेला म्हणून मीच घाबरलो होतो. मला कुणी विचारलंच नाही, नाही तर सांगितलं असतं."

जूनच्या सुरुवातीला युनिव्हर्सिटीने एक प्राध्यापक पाठवले. सकाळच्या गाडीने उतरले, सडपातळ, सोनेरी काड्यांचा चष्मा, घाईत असलेले. हेडमास्तरांच्या खोलीत चौकशी सुरू झाली. वेस्ता आदल्या दिवशीच मोलगीहून येऊन थांबला होता. तो दाराशी उभा राहिला. सरांनी बाहेरून एक खुर्ची उचलून आणली.

"खुर्चीवर बठ, भाऊ."

प्राध्यापकांनी भुवई उंचावली. "उमेदवार उभा राहिला तर चालेल."

"आपण सगळे बसलो आहोत," सर म्हणाले.

मग पेपरांचा प्रश्न निघाला. प्राध्यापक म्हणाले, उत्तरपत्रिका उमेदवाराला दाखवायची पद्धत नाही.

सरांचा आवाज चढला नाही, पण एकेक शब्द कोरून काढल्यासारखा आला. "आरोप ज्या कागदावर आहे तो कागद ज्याच्यावर आरोप आहे त्याने पाहायचा नाही, तर त्याने उत्तर कशाचे द्यायचे? आपण मला ही रीत समजावून सांगावी. मी शिकायला तयार आहे."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि बॅगेतून दोन्ही पेपर काढून टेबलावर ठेवले. माणूस सरळ होता. त्यांना तोवर कुणी हे विचारलं नव्हतं, इतकंच.

त्यानंतर मी उठलो. सरांनी मला उठवलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. डिसेंबरातले तास मी घेतले, अक्षरं माझी, चुकीचं कारण माझं, आणि पेपर न बघता, मुलांना न विचारता मत लिहिलं तेही मीच, असं सगळं एका दमात सांगितलं. वेस्ताची वही पुढे ठेवली. तिच्यात माझ्या तासाची तारीखसुद्धा त्याने नीट घातलेली होती. सरांनी दुसऱ्या खोलीतल्या दोघांचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे दोन पेपर काढून पाहा."

प्राध्यापक बराच वेळ वही चाळत होते. शेवटी हसले आणि म्हणाले, "दोष शिकवण्याचा निघाला, तर या मुलांना त्या प्रश्नाचे गुण द्यावेत अशी शिफारस मी करू शकतो."

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. माझाही. वेस्ताचं गणित काठावरचं होतं, ते गुण त्याला हवेच होते.

"नको," सर म्हणाले. "चुकीच्या उत्तराला गुण नसतात. चोर नाही एवढं लिहा. बाकीचं त्याने जे लिहिलं त्यातून होऊ दे."

मी वेस्ताकडे पाहिलं. तो खुर्चीत ताठ बसला होता. त्याने सरांकडे बघून मान हलवली, होकाराची. त्या क्षणी त्या दोघांचा मला जो अभिमान वाटला, तो मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

तीन आठवडे गेले. मग पत्र आलं. दुसऱ्या खोलीतल्या दोन्ही पेपरांत तेच सापडलं होतं. आरोप मागे घेतला होता आणि दोघांचे निकाल जोडले होते. कांतिलाल वरच्या श्रेणीत पास. वेस्ता तिसऱ्या श्रेणीत पास, गणितात मोजून काठावर, पण स्वतःच्या गुणांनी. तो त्या कॉलेजात गेला, चार वर्षं त्यांच्यासाठी पळाला आणि पदवी घेऊन डोंगरात परत आला. पुढे त्या भागातल्या शाळा तपासणारा अधिकारी म्हणून लोक त्याला ओळखू लागले. कुठल्याही शाळेत गेला की आधी पोरांशी बोलायचा, मास्तरांशी नंतर, असं ऐकलंय.

मी राजीनामा लिहिला होता. सरांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "तुमच्यावरचा आरोप कुणी मांडला? चौकशी कुठे झाली? मग ही शिक्षा ठोठावली कुणी?" मी म्हटलं, मीच. "तुम्हाला तो अधिकार नाही," ते म्हणाले आणि तासाला निघून गेले.

हेडमास्तरांनी मात्र ठरवलं होतं की मला पुन्हा भूमितीच्या जवळ फिरकू द्यायचं नाही. नव्या वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लागलं आणि मी बघतच राहिलो. मॅट्रिकच्या वर्गाची भूमिती माझ्या नावावर होती. वेळापत्रक सर करत. हेडमास्तर तावातावाने त्यांच्याकडे गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण वेळापत्रक बदललं नाही.

त्या प्रमेयाचा दिवस आला. मी वर्गात शिरलो तर शेवटच्या बाकावर, पोरांच्या शेजारी, काळा कोट घालून सर बसलेले. पुढ्यात कोरी वही. पोरं खुसखुसत होती. माझ्या हातून खडू दोनदा निसटला. मी वर्तुळ काढलं, स्पर्शिका काढली, जीवा काढली. एकेक पायरी लिहून तिचं कारण आधी स्वतःलाच विचारलं, मग पोरांना, आणि मग फळ्यावर मांडलं. शेवटची ओळ लिहून वळलो तेव्हा सर अजून लिहीत होते, सगळ्या मुलांसारखे, मान खाली घालून. लिहून झालं तसं त्यांनी वही मिटली आणि उठले.

"आते बरोबर शे," ते म्हणाले.

त्यानंतर ते माझ्या तासाला कधी आले नाहीत. निवृत्त होताना आपला गणिताचा वर्ग त्यांनी माझ्याकडे दिला, आणि मी निवृत्त होईपर्यंत तो माझ्याकडेच राहिला.